शैला देवपुजारीची सिद्धता

असनारे सर आम्हाला अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवायचे, पण जीव त्यांचा गणकयंत्रात. यंत्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं. १९५६ साली आमच्यापैकी कोणीच नव्हतं. वऱ्हाडात यंत्र म्हणजे सरकी काढायचं. सर म्हणायचे, "पाहायचं काय त्यात? यंत्राला काय जमेल आणि काय कधीच जमणार नाही, हे कागदावरच कळतं." लोक त्यांना चक्रम समजत. मीही समजायचे, पण ऐकत बसायचे.

त्यांचा ध्यास एकच होता. काही अक्षरं घ्यायची, आणि या अक्षरांच्या जागी ती लिहायची असे दोन-चार नियम करायचे. मग एका शब्दापासून निघून दुसऱ्या शब्दापर्यंत पोहोचता येईल की नाही? हे आधीच, हमखास सांगणारी रीत सरांना हवी होती. सगळ्याच नियमांसाठी अशी रीत नाही, हे जगाला ठाऊक होतं. सरांनी त्यातला एक सोपा प्रकार निवडला होता आणि त्याच्यापुरती तरी ती सापडेल म्हणून ते वर्षानुवर्षं झटत होते.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी फळ्यापाशी गेले आणि त्या प्रकारासाठीही अशी रीत असूच शकत नाही, हे त्यांना दाखवलं. ती आहे असं धरलं, तर तिच्याकडून एक अशक्य काम करून घेता येत होतं. सर खुर्चीत बसले. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, "माझी सगळी वर्षं पाण्यात घातलीस गं पोरी," आणि इतके खूश होऊन हसले की शिपाई डोकावून गेला.

लेख त्यांनीच इंग्रजीत लिहून कलकत्त्याच्या एका गणिती नियतकालिकाला पाठवला आणि नाव एकट्या माझं घातलं. "तुमचंही घाला," म्हटलं तर म्हणाले, "मी काय केलं? चुकीच्या बाजूनं धडपडलो." तो छापून आला त्या दिवशी मी घरभर विनाकारण फिरत होते. आनंद म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत होतं, एवढं इथे सांगून ठेवते.

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. वडील मोरोपंत भिक्षुकी करत. अकोल्याचे रविकांत पातुरकर वकील हे स्थळ आमच्या ऐपतीच्या वरचं होतं. वकीलसाहेबांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, चारुशीला. वडिलांनी वाकून मोठ्यानं वाचलं आणि "वा!" म्हणाले. शैला हे नावही त्यांनीच ठेवलेलं होतं.

सासर वाईट नव्हतं. हे ऐकून कोणाची निराशा होत असेल तर माझा इलाज नाही. सासूबाई आग्रहानं वाढत, वकीलसाहेब आवाज चढवत नसत. गणित सोड असं मला कोणीही म्हणालं नाही. वह्या ट्रंकेत होत्या आणि ट्रंकेला कुलूपसुद्धा नव्हतं. मीच उघडली नाही. आधी पापड होते, मग बाळंतपण, मग दुसरं, मग सासूबाईंचा पाय मोडला. एक दिवस लक्षात आलं की मला दुःखही होत नाहीये. दाढ काढताना हिरडी बधिर करतात, तसं. जीभ लावून पाहायची, काही लागायचं नाही.

चौसष्ट साली गावात मुलींचं एक कॉलेज निघालं. गणिताला बाई हवी होती. जाहिरात वकीलसाहेबांनीच आणून दाखवली. "करून पाह्य अर्ज. घरी बसून काय करून राहिली?" सासूबाई म्हणाल्या, "लेकरं मी पाह्यतो. तुले काहून काळजी?" नोकरी मला फार हवी होती. फळ्यासमोर उभं राहिलं की हा बधिरपणा उतरेल, अशी मला आशा होती. दुसरी कुठली आशा नव्हती.

मुलाखतीला तज्ज्ञ म्हणून असनारे सर अमरावतीहून आले होते. केस पिकले होते. मला पाहून ते उठूनच उभे राहिले. संस्थेचे अध्यक्ष वामनराव कागद चाळत म्हणाले, "बाई, पदवी शैला देवपुजारींची, लेखही त्यांचाच. तुमी तर चारुशीला पातुरकर."

"लग्नात नाव बदललं."

"ते सगळ्यायचंच बदलते. सोमवारी अ‍ॅफिडेव्हिट आणून द्या. जागा तुमचीच."

"अ‍ॅफिडेव्हिट कशाला?" सर म्हणाले. "तिला खडू द्या. ही सिद्धता या भागात दोघांनाच येते, आणि त्यातला एक मी." त्यांना परीक्षा घ्यायची नव्हती, ते मला मिरवत होते.

मी पहिली ओळ लिहिली: अशी रीत आहे असं धरू. पुढे काहीतरी बांधायचं होतं, त्यात एक युक्ती होती. मला परवा घातलेलं लिंबाचं लोणचं आठवत होतं. घाबरले असते तर बरं झालं असतं. तशी घाबरलेही नाही.

"शैला," सर हळूच म्हणाले, "दुसरा नियम उलटा वापर."

उलटा म्हणजे काय, तेच मला कळेना. मी खडू ठेवला. सरांनी चष्मा पुसला. "सराव तुटलाय, येईल परत," असं ते वामनरावांना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वामनरावांचं काही अडलं नव्हतं. मुलींना त्रिकोणमिती शिकवायला ती युक्ती लागत नाही.

वकीलसाहेबांनी संध्याकाळीच अ‍ॅफिडेव्हिट टाइप करून आणलं आणि हौसेनं वाचून दाखवलं. "मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, शैला मोरोपंत देवपुजारी आणि चारुशीला रविकांत पातुरकर या एकच व्यक्ती आहेत." पेन उघडून त्यांनी माझ्या हातात दिलं.

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"काहून थांबली? कर न सही."

"हे खरं नाही," मी म्हटलं.

ते हसले. "अवं, किती बायांचे असे करून देल्ले मी! खोटं काय आहे त्यात?"

"त्यांचं खरं असेल."

ते समजावत राहिले, सासूबाईही आल्या. मी पेन मिटून परत दिलं. सोमवार गेला, आणि जूनमध्ये नागपूरची एक बाई त्या जागेवर रुजू झाली. चांगलं शिकवते म्हणतात.

खोट्या विधानाखाली शैलानं मेली तरी सही केली नसती. म्हणजे ती होती. थोडी का होईना, त्या संध्याकाळी होती, आणि कागदावरचं विधान खरंच होतं. हे मला सुचलं तेव्हा कॉलेज सुरू झालं होतं.