खोकी बाहेर फोड!

अकरा वाजता धूळ मोजणाऱ्या बाई येणार होत्या आणि पावणेअकराला माझा सख्खा थोरला भाऊ खोक्यांनी भरलेली ढकलगाडी घेऊन माझ्या खोलीच्या दारात हजर!

माझी खोली म्हणजे हॉस्पिटलची नेटवर्कची खोली. सगळ्या मजल्यांच्या वायरी इथे येतात. कपाटांतल्या यंत्रांचे पंखे दिवसरात्र हवा ओढतात, हवेबरोबर धूळही. मग यंत्रं तापतात, बंद पडतात आणि खाली पेशंटचे रिपोर्ट अडकतात. दोन महिन्यांत असं तीनदा झालं, तेव्हा साहेबांनी ही खोली महिन्याभरासाठी माझ्या हाती दिली. आजचा धुळीचा आकडा यंत्रावरच्या लाल रेषेच्या खाली आला तर मी नोकरीत कायम, नाहीतर परत जिने पुसायला. महिनाभर मी केरसुणी आत फिरकू दिली नव्हती. व्हॅक्यूम आणि किंचित ओलसर फडकं, बस्स.

"चिमे, सरक," दादा म्हणाला. तो नेटवर्कची यंत्रं, म्हणजे स्विच, बसवतो. "नवे स्विच आलेत. लगेच बसवायचेत."

"खोकी बाहेर फोड."

"इथे? येणारेजाणारे तुडवतील! दहा मिनिटांत आत फोडतो नि कामाला लागतो."

पुठ्ठा फाडला की भुसा किती उडतो, ते पुसणाऱ्यालाच माहीत. फाडणारा मोकळा! मी दारात हात आडवे लावले.

"अगं, या नोकरीसाठी मीच शब्द टाकला होता ना?"

"टाकलास ना? मग आता तो पुठ्ठ्याखाली गाडू नकोस!"

दादाच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. त्याला नाही म्हणायची मला सवय नाही. पण हलले नाही. शेवटी दातओठ खात त्यानं खोकं खाली आपटलं आणि कटर चालवला. भुसा असा उडाला की दादाला लागोपाठ पाच शिंका आल्या! मला हसू आवरेना. एकेक स्विच पुसून मीच आत नेऊन ठेवला.

"आणि मी?"

"तू बाहेरच. अंगभर पुठ्ठा घेऊन आत कुठे निघालास?"

तेवढ्यात साहेब आणि बाई आल्याच. बाईंनी खोलीच्या मधोमध धूळ मोजायचं यंत्र धरलं. आकडा चढू लागला, तसा माझा जीव टांगणीला लागला. चढला, आणखी चढला... आणि लाल रेषेच्या कितीतरी खाली थांबला!

बाईंनी मग बाहेर येऊन यंत्र खोक्यांजवळ धरलं. ते कोकलायलाच लागलं.

"हे आत फोडलं असतं तर?" साहेबांनी विचारलं.

"तर खोली नापास," बाई म्हणाल्या.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही कायम!"

मी हातातल्या फडक्यासकट टाळ्याच वाजवल्या. इतका आनंद झाला की बाईंना मिठीच मारणार होते.

"साहेब, मग बसवू ना स्विच?" दादानं विचारलं.

"मला काय विचारता? खोली त्यांची आहे."

दादा माझ्याकडे वळला. केसांत भुसा, नाक लाल. त्यानं शर्ट नीट केला.

"ताई, आत येऊ का?"

"आधी केस झटक," मी म्हणाले आणि दारातून बाजूला झाले.