यंत्राच्या पोटात

यंत्राच्या गोल दारातून डोकं आणि उजवा हात आत गेला. डावा खांदा अडकला. ताईंनी श्वास सोडून पुन्हा अंग रेटलं, तशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी दोघांनी पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या पोकळ पोलादी कड्यात शिरून दुरुस्ती करणं हीच ताईंची नोकरी. बांधा बारीक, म्हणून तरुणपणी काम अंगावर पडलं आणि पुढे अंगवळणी पडलं. कड्यात वायू तापवून त्याचा प्लाझ्मा, म्हणजे विजेनं भारलेला झळाळता वायू, करायचा आणि चुंबकांच्या जोरावर तो भिंतींपासून अधांतरी धरायचा, असा तिथला प्रयोग. प्लाझ्मा कलला की चुंबकांना खबर देणारी एक तार आतल्या भिंतीवर होती. तीच सुटली होती, आणि आठवडाभर प्लाझ्मा दरवेळी भिंतीवर आदळून विझत होता.

खांद्याला काय झालं, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं. आईला उचलून उचलून खांदा धरलाय, ताई म्हणाल्या.

"मग आज लवकर घरी जा. आईंनाही बरं वाटेल."

ताई हातमोजे काढत राहिल्या.

"आई गेली, साहेब. उन्हाळ्यातच."

एका दिवसाच्या रजेत त्यांनी सगळं उरकलं होतं. इथे सांगितलं नव्हतं. इथे रोज कुणी ना कुणी आईची चौकशी करायचं. तेवढा वेळ आई असायची.

साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. ताई बसल्या नाहीत.

आत जायला नुकतीच रुजू झालेली इंजिनियर तयार झाली. ताईंनी तिचे केस टोपीत खोचले, कानातले काढून घेतले, तार कुठे लोंबत असेल ते समजावलं. पोरगी सुळकन आत गेली. जरा वेळानं आतून घुमल्यासारखा आवाज आला.

"ताई, आहात ना?"

"आहे गं. इथंच आहे."

तार जोडून होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि ताई दाराशी वाकून तेवढंच सांगत राहिल्या.

कड्यातली हवा उपसण्यात दोन दिवस गेले. मग प्रयोग झाला. पडद्यावर प्लाझ्माची गुलाबी झळाळी उजळली, एका अंगाला कलली, सावरली आणि टिकली. सगळ्यांनी हात उंचावून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी इंजिनियरची पाठ थोपटली. मागे भिंतीशी उभ्या असलेल्या ताईंनीही टाळ्या वाजवल्या, हात पोटाशी धरून.