बिनमाणसांच्या नावांची वही

मित्रांनो, एकोणचाळीस जणांचं बारसं माझ्या अंगावर झालं आहे. त्यांतला एकही जण जन्मलेला नाही, त्यामुळे भेटायला कुणी येत नाही.

मी एक जुनी दोनशेपानी वही आहे. वडवणीजवळच्या आमच्या गावात शहादेव मास्तर दरवर्षी जत्रेसाठी नाटक लिहीत. पहिल्या नाटकात त्यांनी खलनायकाचं नाव मोहनराव ठेवलं. खरे मोहनराव पहिल्याच रांगेत होते. ते दुसऱ्या अंकात उठले आणि जाताना आपला जनरेटर घेऊन गेले. पुढचा खून अंधारात झाला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला आणलं. नियम ठरला : पात्राचं नाव गावात कुणाचंच नसावं. ते नाव लिहीत, खाली अर्थ आणि ते कुठून आलं ते. ‘तिमिरसेन. तिमिर म्हणजे अंधार. जनरेटरवरून सुचलं.’ ‘सरपंच. याला नाव देऊ नये. शक्यतो सरपंचच देऊ नये.’

शेवटचं नाव ऐलतीरा. ‘सगळे पलीकडे गेले, ही अलीकडेच थांबली.’ कुठून आलं, ते लिहायचं राहिलं. लिहिताना मास्तर समोरच्या कुलूप लागलेल्या घरांकडे बघत होते. त्या वर्षी ऊसतोडीची टोळी लवकर निघाली. नायक अंगद टोळीत, तिमिरसेनही टोळीत. गावात उरले ते प्रेक्षक. नाटक झालंच नाही.

पुढं मास्तर वारले. पिठाचा डबा डुगडुगत होता म्हणून त्यांच्या पत्नी छबुबाईंनी मला त्याखाली सारलं. चार वर्षं झाली. ते शेवटचं नाव कुणीतरी एकदा हाक मारून म्हणावं, एवढंच मला वाटे.

यंदा टोळी निघायच्या आधी अंगदची बायको अंजू तान्ही लेक घेऊन आली.

“काकू, मास्तरांच्या वहीतलं नाव द्या. गावात कुणाचंच नसलेलं.”

“नाटकातलं कावून गं? लेकराला काय सोंग काढायचंय?”

“ह्यांचं नायक व्हायचं राहिलं ना. अजून तेच घोकतेत.”

काकूंनी डबा उचलला, मला झटकलं, लांब धरून वाचलं. “ऐलतीरा.”

अंजूनं ते लेकीच्या कानात म्हटलं. पोरगी शिंकली.

“पीठ गेलं नाकात,” काकू म्हणाल्या.

“न्हाई काकू, पसंत हाय तिला.”

सहा महिने मी डब्याखाली त्या हाकेची वाट पाहिली. पाडव्याला टोळी परतली.

“काय म्हणती आमची ऐलतीरा?” काकूंनी दारातूनच विचारलं.

अंजू ओशाळली. “आमी फडात, तिला कोपीच्या खोपटात सासूबाई सांभाळायच्या. त्यांच्या तोंडात ते बसंना. आन् हाक तर त्यांनाच मारायची व्हती.”

काकूंनी मला पुन्हा डब्याखाली सारलं.

मित्रांनो, घरात अशी एखादी वही असेल तर तिच्यातलं एखादं नाव कधीतरी मोठ्यानं वाचा. ठेवलंच पाहिजे असं नाही.

अंगणवाडीच्या पटावर पोरीचं नाव आरोही आहे. गावातली ती पाचवी.