हलू नका, बाईसाहेब

उंब्रजच्या हरणाबाईच्या घरात एक खूळ होतं. लग्नातल्या पहिल्या फोटोला नवरीनं मान हलवायची, ती अशी की चेहरा धड येता कामा नये. भिंतीवर सासू, हरणाबाई आणि सून अशा तिघींचे लग्नातले फोटो होते. नवरे ऐटीत बसलेले आणि शेजारी शालूवर नुसता पुसटपणा. पाहुणे तोंड लपवून हसायचे. हरणाबाई मात्र त्यांना हाताला धरून भिंतीपाशी न्यायची.

त्यामागं गोष्ट होती. कंपनी सरकारनं कृष्णाकाठची एक जहागीर खालसा केली आणि तिथल्या राजकन्या सगुणाराजेंना काशीला धाडलं. हरणाबाईच्या सासऱ्यांची आजी, बयाबाई, त्यांच्या दिमतीला गेली. तिथं एक साहेब फोटोचं यंत्र घेऊन आला. राजकन्या कशी मजेत आहे, हे त्याला विलायतेत दाखवायचं होतं. त्या काळी फोटो काचेवर उतरायचा आणि त्याला बराच वेळ दगडासारखं बसावं लागे. साहेब म्हणाला, हलू नका. सगुणाराजे यंत्राचं झाकण लागेपर्यंत मान हलवत राहिल्या. नाही, नाही, नाही. बयाबाई गावी परतली आणि तिनं ही रीत घरातल्या लेकीसुनांना घालून दिली.

पुरावा विचाराल, तर काही नाही. म्हणूनच कराडला इंजिनिअरिंग शिकणारी नात पूजा, लग्न ठरताच म्हणाली, "आज्जी, मी न्हाई हां मान हलवणार. मैत्रिणी हसतील." हे हरणाबाईच्या फार जिव्हारी लागलं.

त्याच वर्षी, शहाण्णव साली, साताऱ्याच्या लालासाहेबांनी लंडनहून काशीच्या त्या फोटोची प्रत मिळवली. ते सगुणाराजेंच्या भाऊबंदांच्या वंशातले. नव्या सभागृहात त्यांना तो फोटो लावायचा होता. हे कानावर आलं तशी हरणाबाई नातीला घेऊन साताऱ्यात हजर झाली.

फोटोत शालू होता, दागिने होते. चेहऱ्याच्या जागी धुकं होतं.

"बघ!" हरणाबाईचा ऊर भरून आला. "बघ माझी बाईसाहेब!"

लालासाहेब मात्र खट्टू झाले होते. "काच खराब झाली असणार. आमच्या घराण्याची लेक बिनचेहऱ्याची कशी टांगायची?" सांगलीच्या दादासो पेंटरकडून चेहरा रंगवून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांची नजर पूजाकडे गेली. "नाकीडोळी किती नीटस आहे पोर! हिचाच फोटो काढून तो चेहरा घेऊ."

"आवं साहेब," हरणाबाई कडाडली, "त्यांनी न्हाई म्हटलंय. तुमी कशापायी त्यांच्या तोंडून व्हय वदवताय?"

लालासाहेब समजुतीनं हसले. पूजा लाजली आणि चालेल म्हणाली. हरणाबाईला वाटलं, संपलं सगळं. बयाबाईनं जपलेलं आपल्याच नातीच्या चेहऱ्याखाली गाडलं जाणार.

सांगलीच्या स्टुडिओत पूजाला शालू नेसवला, नथ घातली. समोर फोटोची मोठी केलेली प्रत टेकवून ठेवली होती. बैठक जुळावी म्हणून पूजा त्यातले हात न्याहाळू लागली. एकेक बोट स्पष्ट होतं. अंगठीचा खडा स्पष्ट होता. काठावरचे मोरसुद्धा दिसत होते. काच खराब असती तर हेही गेलं असतं, तिच्या मनात आलं. हात तसूभर हलले नव्हते. हलला होता फक्त चेहरा, या कानापासून त्या कानापर्यंत.

"ताई, आता हलू नका," दादासो म्हणाले.

कोपऱ्यात हरणाबाई जमिनीकडे बघत बसली होती.

पूजानं हात मांडीवर घट्ट धरले आणि मान हलवली. दादासोंनी पुन्हा बजावलं. तिनं पुन्हा हलवली. तिचे डोळे भरून आले होते, पण मान थांबेना.

"अगं, हे काय चाललंय?" सोबत आलेले लालासाहेब वैतागले.

"राजकन्येचा चेहरा हवा होता ना?" पूजा म्हणाली. "तो असाच होता. त्यांचे हात बघा, साहेब."

हरणाबाईनं मान वर केली. लालासाहेब प्रतीजवळ गेले. त्यांनी हात पाहिले, मग चेहरा पाहिला, पुन्हा हात पाहिले. मग ते हळूच म्हणाले, "दादासो, रंग आवरा."

सभागृहाच्या उद्घाटनाला हरणाबाई नातीचा हात धरून पहिल्या रांगेत बसली. फोटोवरचा पडदा सरकला तशी मागून एक बाई म्हणाली, "अगं बया, ह्यांला तोंडच न्हाई!"

हरणाबाई सबंध मागं वळली.

"हाय की," ती म्हणाली. "नगं म्हणतंय."