दुसऱ्याच्या हातचं औषध

त्याला सगळे कुलूपराव म्हणत. एक तर धंदा कुलपा-किल्ल्यांचा, आणि वर तोंडालाही कायमचं कुलूप. दुकान म्हणजे जिन्याखालची एवढीशी जागा. तिच्यात किल्ल्या कापायचं यंत्र, चार कानशी आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. कुणाचं दार आतून लागलं की लोक धापा टाकत यायचे. हा काही न बोलता पिशवी उचलायचा, दार उघडून द्यायचा आणि आभार कानावर पडायच्या आत जिना उतरायचा. स्वतःच्या दाराला मात्र त्याने तीन कुलपं बसवली होती, तिन्ही आतून लागणारी, बाहेरून फक्त किल्लीने उघडणारी, तिन्ही त्याच्याच हातची. चोराचं सोडा, डासालासुद्धा विचारून आत जावं लागलं असतं.

भीती चोराची नव्हतीच. त्याला लहानपणापासून फिट यायची. फिट आलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते त्याने शाळेत एकदा शुद्धीवर येताना पाहिलं आणि तेवढं त्याला आयुष्यभर पुरलं. आई होती तोवर ती त्याला कुशीवर वळवायची, आणि त्याने डोळे उघडले की काही घडलंच नाही अशा थाटात चहा टाकायची. आई गेली आणि कुलपं आली. पडायचं तर बंद दाराआड पडायचं, आपलं आपण सावरायचं, आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. याला तो स्वाभिमान म्हणायचा. म्हणेना का, त्याचं तोंड कोण धरणार?

पण गेल्या खेपेला सकाळी तो फरशीवर जागा झाला तेव्हा जीभ चावलेली होती, नखं निळी पडली होती आणि छाती अशी दुखत होती की दोन्ही हातांनी धरून बसावं लागलं. तो घाबरला. स्वाभिमानाला घरी ठेवून मुकाट्याने इस्पितळात गेला.

तिथे त्याच्या डोक्याला वायरी चिकटवल्या, बोटाला चिमटा लावला, नेहमीच्या गोळ्या कमी केल्या आणि सगळे फिटची वाट बघत बसले. जन्मभर जिला टाळलं तिला आता पाहुणीसारखं बोलावणं. शेवटी ती आली. डॉक्टर वयाने त्याच्या निम्मी होती. दुसऱ्या दिवशी तिने त्याला पडद्यावरची रेघ दाखवली.

"काका, इथे फिट सुरू झाली. आणि इथे तुमचा श्वास थांबला. रक्तातला ऑक्सिजन बघा कुठवर उतरलाय. नर्सने कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, मग कुठे तो वर आला. घरी झोपेची गोळी घेता का?"

"केमिस्ट ओळखीचा आहे," तो म्हणाला.

"ओळख ठेवा. गोळी आपण हळूहळू बंद करू, मनाने एकदम सोडायची नाही. तिच्याने श्वास आणखी मंद होतो." मग तिने दुसरी गोळी लिहून दिली. "ही एरवी आम्ही उदास माणसांना देतो. काही पेशंटांचा श्वास हिच्यामुळे फिटमध्ये जरा टिकून राहतो, असं दिसलंय. खात्री देत नाही, अजून अभ्यास चालू आहे."

"मी उदास नाही."

"मी कुठे म्हटलं? श्वासासाठी देतेय." हे बोलताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, ही तिची मेहेरबानी.

"आणि कुशीवर वळवणारी गोळी?" त्याने थट्टेनेच विचारलं.

"ती अजून निघायची आहे, काका. त्याला माणूसच लागतं."

सुट्टी मिळायच्या दिवशी नर्स एक छोटा फवारा घेऊन आली. "फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर हा नाकात मारायचा. एकदाच, दुसऱ्यांदा नाही. याच्यानेही श्वास मंद होऊ शकतो. लगेच ॲम्ब्युलन्सच्या गाडीला फोन करायचा, आणि ती येईपर्यंत कुशीवर वळवून श्वासाकडे लक्ष ठेवायचं. घरचं कोण आलंय? हे त्यांनाच शिकवायचं असतं."

"येतील," तो म्हणाला.

नर्सने पाहुण्यांची खुर्ची ओढून ठेवली. दुपार झाली तरी खुर्ची रिकामीच. शेवटी तिने ते सगळं त्यालाच शिकवलं, आणि त्यानेही शहाण्या मुलासारखं शिकून घेतलं. औषध त्याचं, नाक त्याचं, पण हात दुसऱ्याचा हवा. फिटमध्ये स्वतःच्या नाकात फवारा मारणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

घरी येऊन त्याने बहिणीला फोन केला. ती लांब राहायची.

"दादा, इकडेच ये ना," ती म्हणाली, आणि मग जराशी थांबली. "म्हणजे, सासूबाई आहेत आमच्याकडे, मुलांची परीक्षा आहे. पण बघू, काहीतरी करू."

"अगं, मी सहज फोन केला," तो म्हणाला. तिच्यावर त्याला राग आला नाही. त्या थांबण्याचं मात्र फार वाईट वाटलं.

सकाळी दुकानात बसून त्याने स्वतःच्या घराची किल्ली कापली. साऱ्या मोहल्ल्याच्या किल्ल्या कापणाऱ्या हाताने ही पहिल्यांदाच कापली, आणि तिचे दात कानशीने घासून गुळगुळीत केल्यावर ती कुणाला द्यायची हेच कळेना. शेजारच्या झेरॉक्सवाल्यापुढे त्याने ती धरून पाहिली.

"काय कुलूपराव, तिजोरीची का?" झेरॉक्सवाला हसला.

"छे, माप बघत होतो," म्हणत त्याने ती परत खिशात टाकली. एवढी वर्षं लोकांची दारं उघडली, आणि ज्याला किल्ली द्यावी असा एक माणूस जोडला नाही. दिवसभर ती किल्ली त्याच्या मांडीला टोचत राहिली.

राहता राहिल्या खालच्या मजल्यावरच्या टेलिफोनबाई. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेल्या, एकट्याच राहायच्या. पण तिथे कुठल्या तोंडाने जायचं? आई गेली त्या वर्षी त्यांनी एकदा त्याचं दार ठोठावलं होतं. याने नुकतंच फिटमधून उठून, आतूनच, ओरडून सांगितलं होतं, "माझ्या दाराशी तुमचं काय काम?" त्यानंतर त्यांनी कधी दार वाजवलं नाही.

संध्याकाळी तो त्यांच्या दाराशी उभा राहिला. बाईंनी दार उघडलं तर तो म्हणाला, "तुमच्याकडे वरून पाणी झिरपतंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या एका हातातली किल्ली पाहिली, दुसऱ्या हातातला फवारा पाहिला. "आत या. फिटचं औषध आहे का ते?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुम्ही पडता ते माझ्या डोक्यावरच पडता की. दर वेळी वर येते मी. दाराला कान लावून उभी राहते. आधी धडपड ऐकू येते, मग सगळं शांत, आणि मग घोरल्यासारखा तुमचा श्वास लागतो. तो लागला की मी खाली येते."

"दर वेळी?"

"दर वेळी. दार वाजवायचं नाही म्हणाला होतात, म्हणून वाजवलं नाही. गेल्या खेपेला मात्र तो श्वास लागेचना. मी दार बडवलं, हाका मारल्या, खांद्याने ढकललं. तुमच्या कुलपांना तोड नाही हो, जरासुद्धा हललं नाही." बाईंनी पदराने डोळे पुसले. "दार उघडायला कुणाला बोलवावं, म्हणून जिना उतरले. तर अर्ध्या जिन्यात लक्षात आलं, एवढ्या वस्तीत कुलूप उघडणारा माणूस एकच, आणि तो आत पडलाय."

त्याने मूठ उघडून किल्लीकडे पाहिलं.

"तशीच परत वर गेले आणि तुमच्या दाराशी बसून रडले. गाडीला फोन करायला म्हणून उठले, तेवढ्यात लागला तुमचा श्वास."

त्याने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"कुलपं तीन, आणि किल्ली एकच?"

"बाकीची दोन आज काढतो," तो म्हणाला. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला आणि नर्सने शिकवलं होतं तसं सांगायला लागला. "हे बघा बाई. एकदाच मारायचा. दुसऱ्यांदा नाही."