नाकवालीचा शेरा

"वास आहे," नाकवालीने सांगितलं आणि कप खाली ठेवला.

प्रयोगशाळेच्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. कपात चिमूटभर पांढरी पूड कोमट पाण्यात विरघळवलेली होती. आपापल्या कप्प्यात बसून तीच पूड हुंगणाऱ्या बाकीच्या चौघांना कसलाच वास आला नव्हता. पण या कारखान्यात नाकवालीच्या शब्दापुढे कुणी जात नसे. तिने 'वास नाही' असा शेरा मारल्याशिवाय पोतं जागचं हलत नसे.

कारखाना माशांचा. मांस डब्यांत भरलं जाई; डोकी, कातडी आणि खवले पूर्वी फेकून देत. आता त्या कातड्यांतल्या प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे करून त्यांची पूड बनवत. ही पूड कॅल्शियमला धरून ठेवते, वाया न जाता अंगी लागू देते, असं बाई सांगत. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांसाठी तिची बिस्किटं होणार होती. पण बिस्किटाला माशाचा वास आला तर ते तोंडात कोण घालणार? नाकवालीच्या शेऱ्यावरून तीन खेपा फेकल्या होत्या. ही चौथीही गेली, तर साहेब सगळंच गुंडाळणार होते.

नाकवालीची आई याच शेडमध्ये तीस वर्षं मासे साफ करत होती. दीड महिन्यापूर्वी ती न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यातच ती गेली. तेव्हापासून नाकवाली कपावर वाकली की मागे कुणीतरी येऊन उभं राही. पाऊल वाजत नसे. नुसता वास येई, खारट पाण्याचा, खवल्यांचा आणि स्वस्त साबणाचा. एकदा तर तिने जागा करून देण्यासाठी खुर्ची सरकवली होती. खरं तर घाबरायला हवं होतं. पण तिला बरं वाटे, आणि भीती वाटे ती त्याचीच.

नाकवाली दहा वर्षांची असताना एकदा शाळेत जाण्याआधी आई तिची वेणी घालायला बसली, तेव्हा ती म्हणाली होती, "हात लावू नकोस, वास येतो." आईने कंगवा खाली ठेवला. नंतर वेण्या शेजारच्या काकूंनी घातल्या. आईने पुन्हा कधी तिच्या केसांना हात लावला नाही.

बाईंनी आणखी एक कप पुढे केला. नाकवालीने डोळे मिटून हुंगलं.

"आहे."

"अगं," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते नुसतं पाणी आहे."

नाकवालीचा हात आपोआप टोपीकडे गेला. टोपीखाली आईचा रुमाल होता, कामावर डोक्याला बांधायचा तो, न धुतलेला. या खोलीत तेल, अत्तर, पावडर काही चालत नसे. केसांना तेल लावून आलेल्यांना तिने स्वतः हाकलून दिलं होतं. वास त्या रुमालाचा आहे हे तिला कळलं नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं. तिच्या आईसारख्या कितीजणींच्या तोंडचा घास तिने तीनदा नाल्यात ओतला होता, आणि त्या विचाराने तिला स्वतःची लाज वाटली.

"खेप थांबवा जरा," ती म्हणाली. "मी आलेच."

बाहेरच्या नळावर तिने रुमाल एकदा नाकाशी धरला, पोट भरेपर्यंत. मग साबण लावून घासला. पाणी गढूळ झालं. शिवणीत अडकलेला एक खवला सुटून वाहून गेला. तिने केसही धुतले, पुन्हा पुन्हा, बोटं गार पडेपर्यंत.

ओल्या केसांवर नवी टोपी घालून ती आत आली. बाईंनी नवा कप ठेवला. नाकवालीने खुर्ची थोडी बाजूला घेतली, मागे एक माणूस उभं राहील एवढी. मग ती कपावर वाकली आणि बराच वेळ तशीच थांबली.

मागे कुणी आलं नाही.

तिने कागद ओढला, 'वास नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. बाई कागद घेऊन घाईने गेल्या. खुर्ची मात्र तिने परत जागेवर घेतली नाही.