सहाव्या वाक्यामागची खूण

मी एक जुनी खूण आहे. मित्रांनो, तुम्ही मला नक्की पाहिलं असेल आणि नक्की ओलांडून पुढे गेला असाल. इंटरनेटवरच्या विश्वकोशात एखादं वाक्य संपतं आणि त्याच्या शेपटाला, जराशी वर, चौकोनी कंसात, बारीक अक्षरांत मी बसलेली असते : ‘संदर्भ हवा’. दोनच शब्द. माझा देह, शिक्षण आणि स्वभाव सगळं मिळून एवढंच. ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ हा एकच प्रश्न मी जन्मभर विचारत आले. असा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी फार वेळ घरात बसवून घेत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

माझ्या बहिणी हजारोंनी आहेत. एक बहीण एका राजाच्या उंचीमागे आहे, एक एका विक्रमी भोपळ्यामागे. तिला फार लोक भेटतात. मी मात्र एका पडलेल्या पुलामागे बसले.

त्या पुलावरचा लेख नऊ वाक्यांचा. पहिली पाच वाक्यं लांबी, रुंदी, लोखंड आणि रंग यांवर गेली. माझं घर सहाव्या वाक्याला : ‘पुराच्या सकाळी पहारेकऱ्याने वेळेवर फाटक लावल्यामुळे बसमधील एकतीस प्रवाशांचे प्राण वाचले, पुढच्या काही मिनिटांत पूल कोसळला.’

हे वाक्य चष्मेताईंनी लिहिलं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणं हे त्यांचं काम. दर शनिवारी दुपारी त्या सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर येत. तिथे एक लांब टेबल, एक पाय आखूड असलेली खुर्ची आणि तीन माणसं. तिघं मिळून आपल्या भागातले तलाव, शाळा, पूल, बंद पडलेले कारखाने यांच्यावर लेख लिहीत. पगार शून्य, रजा शून्य, भांडणं मात्र वेळच्या वेळी. पान ज्या पडद्यावर उघडतं, तिथून मला बाहेरचं दिसतं आणि ऐकूही येतं. म्हणून तर मी हे सांगू शकते.

मला जन्म दिला मोजणीकाकांनी. चौतीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या. भांडणाऱ्या दोन भावांपैकी कुणाचंच ऐकायचं नाही, मोजणीच्या साखळीचं ऐकायचं, हा त्यांचा धर्म. स्वतःचा वाढदिवससुद्धा ते दाखला काढून, बघून, मग साजरा करत.

“ताई, वाक्य छान आहे,” ते म्हणाले. “कुणी सांगितलं?”

“बाबांनी. तो पहारेकरी म्हणजे माझेच बाबा.”

“मग तर संदर्भ हवाच,” असं म्हणून काकांनी एक कळ दाबली आणि मी जन्मले. चष्मेताईंनी माझ्याकडे नव्या काचेवरच्या ओरखड्याकडे बघावं तसं बघितलं. माझं कौतुक म्हणाल तर एवढंच झालं.

नियम साधा होता. बाबांनी सांगितलं, आत्याने ऐकलं, हे चालत नाही. कुणीतरी तिऱ्हाइताने कुठेतरी छापलेलं हवं. ते मिळालं की मला पुसतात. म्हणजे मित्रांनो, माझ्या जातीला चांगलं मरण एकच, खरं सापडणं. दुसरं मरण वाईट. वाक्यच खोडलं की त्याच्यासोबत मीही जाते.

ताईंना माझा राग यायचा, पण त्याचं कारण मी नव्हते. बाबा गेले होते, आई गेली होती. पूल गेला, पुलाजवळची पहारेकऱ्याची खोली गेली. नव्या सिमेंटच्या पुलाला पहारेकरी लागत नाही, नुसता दिवा लागतो. बाबांची जगात उरलेली जागा म्हणजे ही दीड ओळ, आणि तिच्या दारात मी, हात आडवा घालून.

ताई बाबांच्या गोष्टी सांगायच्या. “बाबा रोज सांगायचे हो. पाणी कसं चढलं, बस कशी आली, फाटक कसं लावलं. एकतीस माणसं! आणि दर वेळी गोष्ट रंगात आली की आई आतून म्हणायची, ‘आणि दाढीचं सांगा की.’ मग बाबा हसायचे आणि गप्प व्हायचे. आम्हा भावंडांना वाटायचं, मोठ्या माणसांचा काहीतरी विनोद असेल.”

लेखात बाबांचा फोटोही होता. पूल पडला त्याच दुपारी बसमधल्या कुणीतरी काढून पुढे पाठवलेला. पहारेकरी मोडक्या कठड्यापाशी ताठ उभा, आणि त्याचा डावा गाल काळा. या गालावर चर्चापानावर, म्हणजे लेखाच्या पाठीमागे संपादक जिथे वाद घालतात तिथे, बावीस नोंदी झाल्या. ताईंचं मत, ती सावली. काकांनी कागद घेऊन सूर्याचा कोन काढला आणि लिहिलं, “दुपारी सावली गालावर अशी पडत नाही. नाकाची दिशा तपासावी.” बाबांच्या नाकाची दिशा तपासायला बाबा नव्हते. वाद तिथेच राहिला.

अशी अकरा वर्षं गेली. लोक येत, लांबी-रुंदी वाचत, जात. कुणी माझ्यावर बोट ठेवून थांबलं नाही. एका वात्रट माणसाने एकदा पुलाची लांबी चार किलोमीटर करून ठेवली. नऊ तासांनी काकांनी ती दुरुस्त केली आणि त्या नऊ तासांबद्दल आठवडाभर स्वतःला क्षमा केली नाही.

मग तिसरे सदस्य एका शनिवारी जिना धावत चढून आले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. जिना धावत चढणं त्यांना व्यवसायाने शोभत नाही, पण त्या दिवशी त्यांच्या हातात वर्तमानपत्राची पुरवणी होती.

“ताई, छापून आलं! पहारेकरी, फाटक, एकतीस माणसं, सगळं!”

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतःच्या हाताने तो संदर्भ जोडला आणि मला पुसलं. मित्रांनो, मरण कसं असतं ते मी सांगू शकते. शांत असतं. फक्त आपण फसवणुकीने मेलो आहोत, अशी एक चुटपुट लागून राहते.

एकोणीस दिवसांनी काकांनी ती पुरवणी शेवटपर्यंत वाचली. नंतर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचली.

“लिफ्टवाले, यात पुलाची लांबी चार किलोमीटर लिहिली आहे.”

“असेल की.”

“असेल कशी? नदीला एवढी रुंदी परवडत नाही. ही लांबी जगात फक्त नऊ तास होती, आणि फक्त आपल्या लेखात. ह्यांनी आपलंच पान उतरवून घेतलंय, आणि आपण त्यांचं बोट धरून म्हणतोय, बघा, हेही तेच सांगतात.”

आखूड पायाची खुर्ची एकदा हलली. काकांनी मला परत आणून बसवलं. त्या वेळी ताईंनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. या गोंधळामुळे दूरच्या एका जाणत्या संपादकाचं लक्ष आमच्याकडे गेलं. त्याने चर्चापानावर लिहिलं, ‘वाक्य लिहिणारी व्यक्ती पहारेकऱ्याची मुलगी असल्याचे दिसते. तीस दिवसांत स्वतंत्र संदर्भ न मिळाल्यास वाक्य वगळावे.’ त्यात शिवी नव्हती, अपमान नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

ताई रोज पान उघडायच्या. दुकानात, काच घासून झाली की, गिऱ्हाइकाच्या पाठीआडून. बघायच्या आणि बंद करायच्या. त्या दिवसांत मला पहिल्यांदा माझ्या दोन शब्दांची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी काही तिसरा शब्द बोलू शकत नव्हते.

सोळाव्या दिवशी लिफ्टवाले आले. या वेळी जिना हळू चढून. आल्यावर पाणी प्यायले, पंख्याकडे बघत बसले, पुन्हा पाणी प्यायले.

“काय हो, लिफ्टमध्ये अडकून आलात का?” ताईंनी विचारलं.

“बांधकाम खात्याच्या इमारतीत होतो,” ते म्हणाले. “तिथल्या लिफ्टला तळघराचं बटण आहे. वर चिकटपट्टी. कुणी लावली कुणाला माहीत नाही. मी काढली, दाबलं, तर लिफ्ट खाली गेली की! खाली दप्तरखाना, आणि तिथे एक कारकून बसलेला. मला बघून दचकला. म्हणाला, कित्येक वर्षांत कुणी आलंच नाही, मला वाटलं खातंच बंद झालं.”

“मग?”

“पुराचा चौकशी अहवाल आहे तिथे. छापील. शिक्का, पानांचे आकडे, सगळं.” त्यांनी पिशवीतून झेरॉक्स काढली, पण ताईंच्या हातात दिली नाही. “ताई, एक विचारू? ती चिकटपट्टी माझ्याकडे आहे अजून. म्हणाल तर परत लावून येतो. आम्ही दोघं काही बोलणार नाही. काय काका?”

साखळीवाचून कुणाचं न ऐकणारे काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी अजून काही वाचलेलं नाही.”

मित्रांनो, अकरा वर्षांत काकांनी न वाचलेला तो पहिला कागद.

ताईंनी हात पुढे केला. पान एकशे बारा. त्या मोठ्याने वाचू लागल्या, कारण मनात वाचण्याएवढा धीर नव्हता. “‘पहारेकऱ्याने स्वतः दिलेल्या जबाबानुसार, घटनेच्या वेळी तो जागेवर नव्हता. दाढी करण्यासाठी तो बाजारात गेला होता. पाणी खांबांना लागल्याचे पाहून फाटक त्याच्या पत्नीने लावले. बसचालकाने फाटक उघडण्याचा आग्रह केला असता तिने किल्ली नदीत फेकली. आवाज ऐकून पहारेकरी धावत परतला, तोवर पूल कोसळला होता.’”

मग त्यांनी लेखातला फोटो उघडला. ताठ उभे बाबा. उजवा गाल गुळगुळीत, डावा काळा. बावीस नोंदींचा वाद एका क्षणात मिटला आणि कुणालाही जिंकल्याचा आनंद झाला नाही.

“अर्धीच झाली होती,” ताई म्हणाल्या. “आई तेच म्हणायची. दाढीचं सांगा की. रोज म्हणायची हो. आणि आम्ही हसायचो.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. लिफ्टवाले चिकटपट्टीचा तुकडा बोटांत उगाच गुंडाळत होते.

“साहेबांसमोर खरं बोलले, आणि घरी येऊन चाळीस वर्षं आमच्यासमोर...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. “तिने एकदा तरी भांडायचं ना. किल्ली फेकणारी बाई ती!”

“ताई, चौदा दिवस आहेत अजून,” काका म्हणाले. “आज काहीच करायला नको.”

“करायचंय.”

त्यांनी सहावं वाक्य खोडलं. स्वतःचं, अकरा वर्षांचं. त्या जागी लिहिलं : ‘पुराच्या सकाळी पहारेकऱ्याच्या पत्नीने फाटक लावून किल्ली नदीत फेकल्यामुळे बसमधील एकतीस प्रवाशांचे प्राण वाचले.’ मागे अहवालाचा संदर्भ, पान एकशे बारा. पुढे आणखी एक वाक्य : ‘ही हकिगत पहारेकऱ्याने स्वतः चौकशीत सांगितली.’ बाबांची दीड ओळ अर्धी झाली, पण ती आता कुणी खोडू शकणार नव्हतं. फोटोखाली त्यांनी लिहिलं : ‘पहारेकरी, पूल पडल्यानंतर. दाढी अर्धवट.’

माझं काम संपलं होतं. ताईंनी मला पुसलं, आणि या वेळी मला मुळीच चुटपुट लागली नाही.

पण मग त्या थांबल्या. अहवाल पुन्हा चाळला. मागे, पुढे, परिशिष्ट. “पुलाला किती खिळे होते ते आहे. बाराशे चार. बसचा नंबर आहे. बसमधल्या कोंबड्यासुद्धा मोजल्यात, दोन. तिचं नाव कुठेच नाही.”

‘पत्नीने’ या शब्दाआधी त्यांनी एक नाव लिहिलं. तीनच अक्षरं. काकांचा हात सवयीने उठला.

“थांबा काका. मला माहीत आहे.” आणि ताईंनी स्वतःच्या हाताने, त्या नावाला खेटून, मला बसवलं. संदर्भ हवा.

काकांना नियम पाठ होता. जिवंत नसलेल्या माणसाचं नाव, घरच्याच माणसाने दिलेलं, छापील पुरावा नाही, म्हणजे खोडायचं. ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“ताई, मला तिथे काही दिसत नाही,” ते शेवटी म्हणाले. “बहुतेक चष्म्याचा नंबर वाढलाय.”

“वाढलेला नाही. मागच्याच महिन्यात मी तपासलाय.”

“मग तुमचं तपासणं चुकलं असेल. संदर्भ आहे का त्याला?”

ताई हसल्या आणि मग रडल्या. लिफ्टवाल्यांनी उठून त्यांना पाणी आणून दिलं, कारण त्या दिवशी पाण्याची वाट फक्त त्यांनाच पाठ होती.

मित्रांनो, तेव्हापासून मी वाक्यामागे नाही, एका नावामागे बसते. पूर्वी मी दारात आडवा हात घालून उभी होते. आता वाटतं, कुणीतरी मला त्या नावाजवळ राखणीला बसवलं आहे. लिफ्टवाले जिथे जिथे बटण झाकलेलं दिसेल तिथे पट्टी काढून बघतात. काका शाळांचे जुने पट शोधत फिरतात. अजून काही मिळालेलं नाही. दूरचा तो जाणता संपादक कधी परत येईल सांगता येत नाही, आणि त्याचे डोळे चांगले आहेत.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. घरात कुणी गोष्ट सांगत असेल आणि आतून कुणी एखादंच वाक्य बोलत असेल, तर हसू नका. उठून आत जा आणि विचारा, ‘दाढीचं काय?’ मग ते नावासकट कुठेतरी लिहून ठेवा.

ते तीन अक्षरी नाव तुम्हाला आत्ता सांगायला मला फार आवडलं असतं. पण माझ्याजवळ त्याला संदर्भ नाही.